वारशाची तर्जुमानी

आमची शाळा जालना जिल्ह्यातली, उर्दू माध्यमाची. आठवीच्या मुलामुलींची सहल बहुतेक वर्षी देवगिरी-दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ अशी ठरलेली. एका दिवसात तिन्ही ठिकाणे होतात, गाडीभाडे परवडते आणि पालकही फारशी कुरकुर करीत नाहीत. काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत घडलेला प्रसंग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हा लेख त्या प्रसंगातून निघाला आहे.

किल्ल्याच्या पायथ्याशी आम्ही एक गाइड ठरवला. माणूस उत्साही, आवाज खणखणीत. तोफेची लांबी, पायऱ्यांची संख्या, खंदकातल्या मगरी, सारे त्याला तोंडपाठ होते. अंधारीत, म्हणजे किल्ल्यावर जाणाऱ्या त्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरल्यावर त्याने हातातला दिवा विझवला. चाळीस मुले एकमेकांचे हात धरून उभी राहिली. तो म्हणाला, "शत्रू इथून वर यायचा. वळणावर त्याला काही दिसायचे नाही. मग आपले लोक वरून उकळते तेल ओतायचे आणि मुंडके थेट खंदकात." मुले किंचाळली, हसली. बाहेर उजेडात आल्यावर त्याने इतिहास सांगितला. हा हिंदू राजाचा किल्ला, मग मुसलमान आले, त्यांनी तो घेतला, मग एक वेडा महंमद आला, त्याने दिल्ली उचलून इथे आणली आणि पुन्हा परत नेली. सातशे वर्षे दहा मिनिटांत संपली.

परतीच्या वाटेवर खिडकीशी बसलेल्या एका मुलीने मला विचारले, "आपा, अंधेरी में मरे सो अपन थे, क्या मारे सो अपन थे?" अंधारीत मेले ते आपण होतो, की मारणारे आपण होतो?

मी बी.एड. केले आहे. प्रश्नांची उत्तरे देण्याचा मला पगार मिळतो. पण त्या दिवशी "घरी गेल्यावर सांगते" असे म्हणून मी वेळ मारून नेली. गाइडच्या बोलण्यात 'आपले लोक' होते आणि 'मुसलमान' होते. ही पोरगी दोन्हींच्या मध्ये उभी होती आणि तिला आपली जागा कोणती ते कळत नव्हते. खरे सांगायचे तर तिच्या आपालाही ती नीट सांगता येत नव्हती.

पाठ टाचण काढताना आम्ही शिक्षक उद्दिष्टे लिहितो : ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. सहलीच्या अहवालात मात्र एकच ओळ असते, 'विद्यार्थ्यांना ऐतिहासिक स्थळाची माहिती झाली.' माहिती झाली, पण कशासाठी? ऐतिहासिक जागेवर किंवा उद्यानात येणाऱ्या माणसाला कोणी हिंडवून काही सांगतो, तेव्हा त्या सांगण्याचे उद्दिष्ट काय असावे? हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसले तेव्हा कळले की या एका प्रश्नावर जगात शंभर वर्षे विचार झाला आहे आणि त्याचा आरंभ राजवाड्यात किंवा विद्यापीठात झालेला नसून जंगलात झाला आहे.

वाटाड्याचा इल्म

अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. अशी उद्याने वाढत गेली आणि त्यांचा कारभार पाहण्यासाठी १९१६ मध्ये 'नॅशनल पार्क सर्व्हिस' ही सरकारी सेवा स्थापन झाली. लोक येऊ लागले, पण येऊन पाहणार काय? डोंगर पाहिला, डबा खाल्ला, परत गेले. कोलोरॅडोच्या डोंगरात एनॉस मिल्स नावाचा एक वाटाड्या होता. १८७० चा जन्म. लाँग्ज पीक या शिखरावर तो लोकांना घेऊन जाई. वाटाड्याने झाडांची नावे पाठ म्हणून दाखवू नयेत, माणसाच्या मनात कुतूहल जागे करावे, असे त्याचे मत होते. स्वतःच्या या अनुभवावर त्याने १९२० मध्ये पुस्तक लिहिले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात हॅरॉल्ड ब्रायंट आणि लॉय मिलर या दोन अभ्यासकांनी पाहुण्यांसाठी मोफत फेऱ्या आणि व्याख्याने सुरू केली. उद्यानातील मार्गदर्शन ही एक रीतसर सेवा झाली ती तेव्हापासून.

पुढे १९३३ मध्ये युद्धभूमी आणि इतर अनेक ऐतिहासिक जागाही या उद्यान सेवेकडे आल्या. झाडे-डोंगर दाखवणाऱ्यांना आता माणसांचा इतिहास सांगायचा होता, आणि इतिहासाचे काम अवघड, कारण झाड पाहुण्यावर रागावत नाही. हे काम नेमके कसे करावे याची घडी फ्रीमन टिल्डन यांनी बसवली. टिल्डन मूळचे पत्रकार आणि कथालेखक. उद्यानांतून हिंडत, वाटाड्यांचे बोलणे पाहुण्यांमध्ये उभे राहून ऐकत त्यांनी १९५७ मध्ये 'इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज' हे पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीपार होते. आजही जगभर या विषयाचा पहिला धडा त्यांच्या पुस्तकापासून सुरू होतो.

पुस्तकाच्या नावातला 'इंटरप्रिटेशन' हा शब्द मराठीत आणताना अडचण येते. कोणी 'निर्वचन' म्हणतात, कोणी 'अर्थ उलगडणे' म्हणतात. आम्हा उर्दूवाल्यांना मात्र त्यासाठी दूर जावे लागत नाही. आमच्याकडे 'तर्जुमानी' आहे. तर्जुमान म्हणजे दोन भाषांच्या मध्ये उभा राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याला पोचवणारा माणूस. दगडाची भाषा पाहुण्याला येत नाही आणि दगडाला पाहुण्याची येत नाही. मध्ये तर्जुमान लागतो. तो खोटे बोलला तर दोन्ही पक्षांचा घात होतो.

टिल्डन यांनी सहा तत्त्वे सांगितली. त्यांचा आशय माझ्या शब्दांत असा मांडता येईल. पाहुण्याच्या स्वतःच्या आयुष्याशी जोडले जात नाही ते सांगणे वांझ ठरते. माहिती म्हणजे तर्जुमानी नव्हे. माहितीवर उभे राहून काहीतरी नवे दिसू लागले तरच तिला तर्जुमानी म्हणावे. ही एक कला आहे आणि ती शिकता येते. तिचा मुख्य हेतू धडा देणे हा नसून विचाराला चालना देणे हा आहे. एखादा तुकडा न दाखवता पूर्ण गोष्ट दाखवावी. आणि सहावे तत्त्व आम्हा शिक्षकांसाठी आहे : मुलांना सांगायचे ते मोठ्यांच्या व्याख्यानात पाणी घालून सांगू नये. त्याची रीतच मुळापासून वेगळी हवी.

या सगळ्यामागे अखेरचा एक हेतू आहे, आणि टिल्डन यांनी तोही मांडला आहे. माणसाला एखादी जागा समजली की तिची किंमत कळते, आणि किंमत कळली की तो तिला जपतो. पहारेकरी किती नेमणार? भिंतीवर नाव कोरणारा हात पहारेकऱ्याने एकदा अडवता येईल. तो आपणहून थांबायला हवा असेल तर भिंत त्या हाताच्या मालकाला आपली वाटली पाहिजे.

गाइडच्या त्या दहा मिनिटांना मी हे माप लावून पाहिले. माहिती भरपूर होती. मुलांच्या आयुष्याशी नाते एकच जोडले गेले, तेही उलटे : तुम्ही बाहेरचे. गोष्ट पूर्ण नव्हती. आणि जपण्याची इच्छा? वाटेतल्या एका कमानीवर आमच्याच एका मुलाने खडूने नाव लिहिले होते, ते मला उतरताना दिसले.

दुखऱ्या जागेचे काय?

तत्त्वे चांगली असली म्हणून ती पाळली जातातच असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या रणभूमीवर कित्येक दशके पाहुण्यांना तोफा कुठे होत्या, कोणती तुकडी कुठून आली, सेनापती किती शूर होते, हे बारकाईने सांगितले जाई. युद्ध ज्या गुलामगिरीपायी पेटले तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नसे. विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी तिथल्या संसदेने या जागांवर गुलामगिरीबद्दलही सांगितले जावे असे सुचवले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. आमच्या गाइडची तोफेची लांबी मला इथे आठवली. लांबी सांगणे सोपे असते, कारण विचारायला अडते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध सुरू असताना, अमेरिकेने आपल्याच देशात राहणाऱ्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घराबाहेर काढून छावण्यांत डांबले. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. गुन्हा कोणताच नव्हता. चेहरा शत्रूसारखा होता एवढेच. कॅलिफोर्नियातील मँझनार या वाळवंटी जागी अशी एक छावणी होती. दहा हजारांहून अधिक माणसे तिथे काटेरी तारेआड राहिली. युद्धानंतर बराकी मोडून विकल्या गेल्या. सरकारने विषय मिटवला होता आणि खुद्द पीडितांच्या घरांतही आईवडील मुलांशी त्यावर बोलत नसत. १९६९ पासून काही तरुणांनी तिथे दरवर्षी जाण्याचा परिपाठ सुरू केला. १९८८ मध्ये सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलरची भरपाई देऊ केली. १९९२ मध्ये मँझनार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. २००४ मध्ये तिथे अभ्यागत केंद्र उघडले, तेही बंदीवानांनी स्वतः बांधलेल्या शाळेच्या सभागृहात.

तिथल्या मांडणीतली एक गोष्ट मला विशेष वाटते. एका मोठ्या पडद्यावर तिथे ठेवलेल्या दहा हजारांहून अधिक माणसांची नावे लिहिली आहेत. पाहुणा आधी नावे पाहतो. 'जपानी' हा एक शब्द नावांमध्ये विरून जातो. त्या माणसांनी छावणीत बागा केल्या, शाळा चालवली, हेही दाखवले जाते आणि तारेचे कुंपणही दाखवले जाते. अन्याय झाला हे लपवलेले नाही आणि अन्याय सोसणारे केवळ बिचारे होते असेही दाखवलेले नाही.

२००८ मध्ये क्युबेक येथे 'इकोमॉस' या आंतरराष्ट्रीय संस्थेने वारसास्थळांच्या तर्जुमानीबद्दल एक सनद स्वीकारली. सांगणे पुराव्यावर उभे असावे, लोकांच्या तोंडी आठवणींनाही त्यात स्थान असावे, एकाच काळाचा गौरव करून बाकीचे काळ पुसू नयेत आणि त्या जागेशी ज्यांचे नाते आहे अशा सर्व समाजांना सांगण्याच्या कामात सामील करावे, असे तिचे सार आहे. वाचताना वाटले, दौलताबादसाठीच लिहिले असावे.

आता आपला किल्ला

मग मी त्या मुलीचा प्रश्न पुन्हा समोर घेतला. मरणारे कोण आणि मारणारे कोण?

देवगिरी ही यादवांची राजधानी. अलाउद्दीन खलजीने १२९६ मध्ये तिच्यावर स्वारी केली. १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने तिला दौलताबाद नाव देऊन राजधानी केले. पण १३४७ मध्ये दिल्लीविरुद्ध बंड झाले तेही याच दौलताबादेत, आणि त्यातून बहमनी राज्य उभे राहिले. म्हणजे मुसलमान सरदारांनी मुसलमान सुलतानाविरुद्ध हा किल्ला धरला. पुढे तो निजामशाहीकडे गेला. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मुघल आणि आदिलशाही एका बाजूला होते आणि मलिक अंबर दुसऱ्या बाजूला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले, त्यांचे बंधू शरीफजी त्याच लढाईत पडले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव तेव्हा मुघलांकडे होते. पुढे १६२९ मध्ये लखुजींची हत्या झाली ती याच दौलताबादेत, निजामशहाच्या दरबारात. १६३३ मध्ये किल्ल्यावर चालून आला तो महाबतखान आणि आत होता मलिक अंबरचा मुलगा फतेहखान. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर किल्ला मराठ्यांना मिळाला, नंतर पुन्हा निजामाकडे गेला.

तर मग अंधारीत कोण मेले? ज्याला त्या दिवशी आत जायचे होते तो. आणि कोणी मारले? ज्याच्या हाती त्या दिवशी किल्ला होता त्याने. दोन्ही बाजूंना पोटासाठी आलेले शिपाई होते, आणि त्यांत मराठा, हबशी, पठाण, राजपूत सारेच असत. 'आपण' आणि 'ते' ही वाटणी त्या काळोखात चालत नव्हती. आपण आज ती तिथे नेऊन लावतो.

एवढे समजल्यावर पुढल्या वर्षी मी स्वतः मुलांना हिंडवायचे ठरवले. आणि इथे माझी चूक सांगितली पाहिजे.

त्या वर्षी मी उलटे टोक गाठले. गाइडने मुलांना परके ठरवले होते, मी त्यांना सुलतानांचे वारस ठरवले. चाँद मिनार किती सुंदर, किल्लेबंदी किती भक्कम, मलिक अंबर किती मुत्सद्दी. मुलांच्या माना ताठ झाल्या. मग आम्ही जामा मशिदीत गेलो. ती १३१८ ची, दख्खनमधल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक. एक मुलगा खांबावरून हात फिरवत होता. त्याने विचारले, "आपा, ही नक्षी तर वेरूळसारखी आहे. हे खांब मशिदीसाठी केले नव्हते ना?"

केले नव्हते. ते जुन्या मंदिरांचे खांब आहेत. मला ते ठाऊक होते. मी म्हटले, "चला, उशीर होतोय." गाइडने निम्मी गोष्ट सांगितली होती, मीही निम्मीच सांगत होते. फक्त माझा निम्मा भाग दुसरा होता. त्या मुलाच्या डोळ्यांत मला दिसले की त्याला उत्तर कळले आहे आणि आपा ते लपवते आहे हेही कळले आहे. शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नसते.

पूर्ण गोष्ट

त्यापुढच्या वर्षापासून मी रीत बदलली. आता मशिदीत आम्ही आधी बसतो. मी मुलांना फक्त पाहायला सांगते, पंधरा मिनिटे, बोलणे नाही. मग कोणाला काय दिसले ते विचारते. खांब त्यांनाच दिसतात. मग मी सांगते : हे खांब मंदिरांचे होते. जिंकणाऱ्या राजाने ते इथे आणले. त्या काळी राज्य जिंकले की हरलेल्या राजाचे देवालय मोडणे ही सत्ता दाखवण्याची एक रीत होती. ती रीत चूक होती. ज्याचे मंदिर मोडले त्याला दुःख झाले असणार, जसे आपल्याला झाले असते. आणि हेही सांगते : १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, त्यानंतरच्या काळात इथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली, आणि आज ही वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. एका इमारतीने इतके पाहिले आहे. तुम्हाला काय वाटते?

मुलांना खूप काही वाटते. त्यांचे एकमेकांशी पटत नाही. मी निकाल देत नाही. पण एक गोष्ट प्रत्येक वर्षी घडते. एकदा खरे सांगितले की मुले पुढचे सारे ऐकायला तयार होतात. कारण आपा लपवत नाही हे त्यांना पटलेले असते.

मग आम्ही चढू लागतो. चिनी महालापाशी मी तानाशहाची हकीकत सांगते. १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकल्यावर औरंगजेबाने कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला इथे कैदेत ठेवले आणि कैदेतच तो वारला. बादशहाही मुसलमान, कैदीही मुसलमान. मुले मुकाट्याने ऐकतात. मग जनार्दन स्वामी. संत एकनाथांचे हे गुरू निजामशाहीत दौलताबादचे किल्लेदार होते, त्यांचे स्थान गडावर आहे. एकनाथ इथेच त्यांच्याजवळ शिकले. जनार्दन स्वामींचे गुरू म्हणून परंपरा चाँद बोधले यांचे नाव सांगते, आणि त्या नावातच सुफी आणि मराठी दोन्ही आहेत. पुढे एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड रचले. दोन धर्मांचे लोक एकमेकांशी भांडूही शकतात आणि भांडून झाल्यावर बोलूही शकतात, हे कळायला एकनाथांना फार दूर जावे लागले नसेल. ते त्यांनी याच गडावर पाहिले असेल असे मला वाटते.

आणि वेडा महंमद? त्याची योजना फसली, लोकांचे अतोनात हाल झाले, हे खरेच. पण मी मुलांना विचारते, "घरी नको म्हणायचे असेल तर तुम्ही काय म्हणता?" सगळी मुले एका सुरात ओरडतात, "नक्को!" मग मी सांगते की हा 'नक्को' लखनऊच्या उर्दूत सापडणार नाही. दिल्लीहून इथे आलेल्या माणसांची बोली मराठीच्या शेजारी राहिली आणि तिच्यातून आपली दखनी वाढली. त्या लोंढ्यात फक्त सरदार नव्हते. बुरहानुद्दीन गरीब यांच्यासारखे सुफी होते, हसन सिजझींसारखे शायर होते. दोघेही खुलताबादेत दफन आहेत. तुमच्या तोंडातला एक शब्द त्या फसलेल्या राजधानीचा पुरावा आहे. टिल्डन यांचे पहिले तत्त्व मला इथे खऱ्या अर्थाने समजले. पाहुण्याच्या आयुष्याशी नाते जोडायचे म्हणजे त्याची खुशामत करायची नाही. त्याच्या घरातली एखादी वस्तू त्याला दाखवायची आणि ती कुठून आली ते सांगायचे.

पाण्याची हकीकत

मुलांसाठी वेगळी रीत हवी, हे सहावे तत्त्व मला पाण्याने शिकवले. आता आम्ही वेरूळ वेगळ्या सहलीसाठी ठेवतो आणि किल्ल्यानंतर पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या शहरात जातो. २०२३ मध्ये त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. १६१० मध्ये मलिक अंबरने ते खडकी या नावाने वसवले होते, १६५३ मध्ये ते औरंगाबाद झाले. नावे बदलत गेली तरी तहान बदलली नाही. जालन्याच्या मुलांना पाणीटंचाई पुस्तकातून शिकवावी लागत नाही. टँकर आला की वर्ग सोडून घागरी घेऊन धावणारी मुले आमच्या शाळेत आहेत.

त्यांना मी मलिक अंबरची गोष्ट पाण्यापासून सांगते. हबसाण देशात १५४८ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जातो, हातोहात फिरत दख्खनमध्ये पोचतो, निजामशाहीचा वजीर होतो आणि वयाच्या साठीत, वाढत्या शहराला पाणी हवे म्हणून जमिनीखालून नहर खणवतो. नहर-ए-अंबरी. डोंगराच्या पोटातले पाणी उताराने, कोणत्याही यंत्राशिवाय शहरात येते. पुढेही शहरात नव्या नहरी झाल्या. त्यांतल्या एकीचे पाणी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात आणून १७४४ मध्ये पाणचक्की चालवली गेली. वरून पडणारे पाणी चाक फिरवी आणि त्या जात्यावर फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. समोरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. त्या दालनातला गारवा मुलांना बाहेर येऊ देत नाही.

एका वर्षी एक मुलगा, अभ्यासात मागे असलेला, पुढे आला. त्याचे वडील नळजोडणीचे काम करतात. पाणी चढावर कसे चढले, पाइपात हवा अडकली तर काय होते आणि ती काढायला मध्येच वाट का ठेवावी लागते, हे त्याने साऱ्या वर्गाला समजावून सांगितले. त्या दिवसाचा तर्जुमान तोच होता. मी मागे उभी राहून ऐकले.

तर्जुमान आपल्यातून हवेत

पूर्वी आपल्याकडे हे काम दर्ग्याचे मुजावर करीत, देवळाचे पुजारी करीत. त्यांच्या सांगण्यात करामती असत, पण जागेबद्दल मायाही असे. आज गाइड हा पोटाचा धंदा आहे आणि त्यात वाईट काही नाही. ज्या गाइडने आमच्या मुलांना शत्रू ठरवले त्याच्याबद्दल माझ्या मनात राग उरलेला नाही. त्याला कोणी वेगळे शिकवलेच नव्हते, आणि पाहुण्यांना मुंडक्यांची गोष्ट आवडते हे त्याने अनुभवाने ओळखले होते. मागणी आपली असते.

त्याच्याशी भांडून काही होणार नाही. आपल्या शहरांतली, खेड्यांतली मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणारी मुलेमुली या कामात उतरली पाहिजेत. मोडी, फारसी शिकणारे पाहिजेत. जंजिऱ्याला नावेतून जाणाऱ्या पाहुण्याला सिद्दींची, अहमदनगरला चाँदबीबीची, विजापूरला इब्राहीम आदिलशहाची गोष्ट सांगणारे पाहिजेत. आणि त्यांनी फक्त आपल्या बाजूची गोष्ट सांगू नये. खांब मंदिराचे आहेत हे आपल्या माणसाने सांगितले तर ऐकणाऱ्याचा राग निवतो. नहर हबशी गुलामाने बांधली हे दुसऱ्याने सांगितले तर आपलीही मान ताठ न होता जमिनीशी जोडली जाते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी जंगलातल्या वाटाड्यांना जे शिकवले गेले ते हेच की पाहुणा जाताना गर्व किंवा शरम घेऊन जाऊ नये, प्रश्न घेऊन जावा, आणि जागेला धक्का न लावता जावा.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या ईदला घरी आली होती. मी तिला म्हटले, तुझे उत्तर द्यायचे राहिले होते. तिला काय विचारले ते आठवत नव्हते. मी आठवण करून दिली आणि सारे सांगितले : यादव, तुघलक, बहमनी, मलिक अंबर, शहाजीराजे, लखुजी, तानाशहा, जनार्दन स्वामी. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "मतलब आपा, वो सब अपनेच थे."

सगळे आपलेच होते. मेलेलेही आणि मारणारेही. इतिहासाच्या शिक्षिकेला एवढे कळायला इतकी वर्षे लागली, म्हणून हे लिहून ठेवले. पुढच्या डिसेंबरात सहल पुन्हा दौलताबादलाच आहे. अंधारीत दिवा विझवणारच, कारण मुलांना ते आवडते. फक्त तो पुन्हा पेटवल्यावर काय सांगायचे ते आता मला ठाऊक आहे.